खोली किती जणांची?
रायगड किनाऱ्यावरील घरगुती निवास आणि पाहुण्यांची मोजणी

उत्तरेस उरणपासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगड जिल्ह्याचा किनारा पसरला आहे. या किनाऱ्यावरील किहीम, वरसोली, आक्षी, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे एकेकाळी नारळ, सुपारी आणि मासळी यांच्यासाठी ओळखली जात. आज मुंबई-पुण्याकडील कुटुंबे त्यांना सुटीची गावे म्हणून ओळखतात. दिवेआगर येथे १९९७ साली एका वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि त्या आडवळणाच्या गावाकडे प्रवाशांची रीघ लागली. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारगाड्यांसह नेणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि अंतर आणखी आटले. शुक्रवारी संध्याकाळी निघून रात्रीच्या जेवणाला अलिबागेत पोहोचावे, इतके हे गाव शहराच्या दाराशी आले आहे.

या प्रवाशांपैकी फार मोठा वर्ग मोठ्या हॉटेलांत न उतरता घरगुती निवासांत उतरतो. वाडीतले जुने घर, त्यालगत बांधलेल्या तीन-चार खोल्या, अंगणात झोपाळा, घरच्या बाईच्या हातचे जेवण असे त्याचे स्वरूप असते. यातून मिळणारे उत्पन्न गावातच राहते, म्हणून हा व्यवसाय शासनाने व महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने निवास-न्याहारीसारख्या योजनांतून उत्तेजनास पात्र मानला आहे. परंतु या व्यवसायाच्या मुळाशी एक लहानसा दिसणारा, पण दर सुटीत नव्याने उद्भवणारा प्रश्न आहे. आरक्षण करताना सांगितलेली माणसे आणि प्रत्यक्ष दारात उतरलेली माणसे यांची संख्या जुळत नाही.

चौघे सांगून सातजण

प्रसंग बहुतेक सर्व गावांत सारखाच घडतो. दूरध्वनीवर चौघांसाठी एक खोली ठरते. शनिवारी दुपारी गाडीतून आई-वडील व दोन मुले उतरतात, त्यांच्यामागून आजी उतरते आणि मागच्या गाडीतून आत्या व तिचा मुलगा येतो. यजमानीण दारात उभी असते. “काकू, सगळे एकाच घरातले आहोत हो. दोन गाद्या जास्त द्या, मुलं कुठेही लवंडतील,” असे पाहुणे हसत सांगतात. काकू क्षणभर आत पाहतात आणि “बरं, या. करू काहीतरी,” म्हणून बाजूला होतात.

या प्रसंगात कोणी लबाड आहे असे मानण्याचे कारण नाही. मराठी कुटुंबाची सुटी चौघांची नसतेच. आजीला घरी एकटी ठेवून समुद्रावर जाणे अनेकांना रुचत नाही, आणि सुटीत भावंडांनी एका खोलीत दाटीवाटीने झोपण्यात जी मौज आहे, ती वेगवेगळ्या खोल्यांत नाही. शिवाय दोन खोल्यांचा खर्च नोकरदार कुटुंबाला सहज पेलतो असेही नाही. तेव्हा ‘चौघे’ म्हणून सांगावे आणि पुढचे पुढे पाहावे, असा मार्ग निघतो.

यजमानाची अडचण याहून बिकट असते. दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला परत पाठवणे कोकणी घराच्या रीतीत बसत नाही. त्यात ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस याच किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नारळी-पोफळींच्या बागा मुळासकट झोपवल्या. नव्याने लावलेल्या पोफळीला धरते होण्यास सहा-आठ वर्षे लागतात. ज्या घरांचे वर्षाचे उत्पन्न झाडांवर होते त्यांपैकी अनेकांना या काळात खोल्यांवरच भिस्त ठेवावी लागली. अशा घराने एका कुटुंबाला नकार द्यायचा, तर शेजारचे घर त्यांना घेणार हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो नकार देत नाही, गाद्या टाकतो.

तीन माणसे वाढली म्हणून बिघडले कोठे, असे पाहुण्यास वाटते. त्याच्या डोळ्यांपुढे खोलीची जमीन असते आणि तीवर आणखी दोन गाद्या मावतात हे त्याला दिसत असते. मात्र रायगडच्या वाडीत खोलीची क्षमता जमिनीवर ठरत नाही. ती विहिरीवर, शोषखड्ड्यावर आणि दारावर ठरते.

पूर्वीची पडवी आणि आजची खोली

जुन्या मंडळींचा यावर एक आक्षेप असतो व तो रास्त आहे. हरिहरेश्वरला कुलदैवताच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे पूर्वी क्षेत्रोपाध्यांच्या घरी उतरत. ओटीवर, पडवीत, माजघरात पंधरा-वीस माणसे झोपत. त्या वेळी कोणी मोजणी केली होती काय?

केली नव्हती, कारण करण्याची गरज नव्हती. पाहुणा विहिरीवर जाऊन स्वतः पाणी शेंदून अंघोळ करी. हाताने ओढलेल्या दोन बादल्यांत ती आटोपे, आणि ते पाणी पन्हळीतून नारळीच्या आळ्यात जाई. प्रातर्विधीस तो घरापासून दूर जाई. ते आरोग्याला घातकच होते व ती प्रथा गेली हे चांगलेच झाले, परंतु विहिरीच्या कडेला मैला साठवणारी टाकी तेव्हा नव्हती. रहाटाला जुंपलेला बैल किंवा रेडा जितके पाणी उपसू शके, त्याहून अधिक पाणी वाडीतून निघतच नसे.

आजच्या खोलीत फवारा आहे, गरम पाण्याचे यंत्र आहे, पाण्याचा झोत सोडणारे शौचकूप आहे. समुद्रात डुंबून आलेला माणूस खारे अंग धुण्यासाठी एकदा व संध्याकाळी पुन्हा एकदा अंघोळ करतो, कपड्यांतली वाळू धुतो. विजेचा पंप कळ दाबताच चालू होतो व त्याला दमणे ठाऊक नाही. तेव्हा पूर्वीच्या वीस माणसांची आणि आजच्या वीस माणसांची तुलनाच होऊ शकत नाही. माणसे तितकीच राहिली, तरी माणशी लागणारे पाणी आणि माणशी निघणारे सांडपाणी कित्येक पटींनी वाढले आहे.

वाडीतल्या विहिरीचा हिशेब

अलिबाग ते रेवदंडा हा भाग अष्टागर म्हणून प्रसिद्ध आहे. येथील वाड्या समुद्रालगतच्या चिंचोळ्या वालुकामय पट्ट्यात वसल्या आहेत. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातील काही पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलके असल्यामुळे असे घडते. गायबेन व हर्झबर्ग या शास्त्रज्ञांनी एकोणिसावे शतक सरता सरता स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत ते पाणी खाली असते. या नियमाची दुसरी बाजू गावकऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. उपशामुळे पातळी कायमची १० सेंटिमीटर उतरली, तर खालून खारे पाणी सुमारे ४ मीटर वर सरकू शकते. प्रत्यक्षात जमिनीच्या प्रकाराप्रमाणे हे आकडे कमीअधिक होतात व हा बदल एका दिवसात घडत नाही. मात्र विहीर एकदा मचूळ झाली की ती पुन्हा गोडी होण्यास पावसाळे जावे लागतात. पोफळीसारखे नाजूक झाड ते पाणी फार काळ सोसत नाही.

आता चार खोल्यांचे एक घर घेऊ. दर खोलीत दोन खाटा व एक गादी धरली तर बारा पाहुणे होतात. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे प्रमाण आपल्या देशात सर्वसाधारणपणे मानले जाते. हॉटेलासाठी भारतीय मानक दर खाटेस १८० लिटर धरते. घरगुती प्रमाणाने बारा जणांना १,६२० लिटर लागतील. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी असल्यास एका भरण्यात दिवस निभावतो. प्रत्येक खोलीत दोन माणसे जास्त आली की वीस जण होतात व गरज २,७०० लिटरवर जाते. हॉटेलाचे प्रमाण लावल्यास ती ३,६०० लिटर होते. टाकी दुपारीच तळ गाठते, पंप पुन्हा सुरू होतो आणि संध्याकाळी समुद्रावरून परतलेल्या शेवटच्या खोलीतील माणसांच्या अंगावर साबण असताना नळ कोरडा पडतो. तक्रार नेमकी तेच कुटुंब करते, जे सांगितल्याप्रमाणे चौघेच आलेले असते.

यात काळाचा योगही प्रतिकूल आहे. या किनाऱ्यावर मोठी गर्दी दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात होते. विहिरीची पातळी सर्वांत खाली असते तीही मे महिन्यातच. सर्वाधिक माणसे आणि सर्वांत कमी पाणी ही गाठ येथे दरवर्षी पडते. एका घराने जास्तीचे पाणी उपसले तर त्याची झळ त्याच घरापुरती राहत नाही, कारण वाड्यांना कुंपणे असली तरी वाळूखालच्या पाण्याला कुंपण नाही.

जमिनीखालची टाकी

पाण्याची टंचाई निदान दिसते. मलटाकीची अवस्था कोणाला दिसत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची आहे.

सेप्टिक टँक म्हणून ओळखली जाणारी ही टाकी किती मोठी बांधावी, हे ती वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवरून ठरते. भारतीय मानकात पाच, दहा, पंधरा, वीस अशा संख्यांसाठी वेगवेगळी मापे दिलेली आहेत. टाकीत आलेला मैला साधारण एक ते दोन दिवस स्थिर राहिला पाहिजे, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्याकडे जाते. दहा माणसांसाठी बांधलेल्या टाकीवर वीस माणसांचा भार पडला, तर पाण्याला स्थिरावण्याची सवड निम्म्याने कमी होते. न बसलेला गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, वाळूची छिद्रे बुजवतो आणि काही हंगामांतच खड्डा पाणी घेईनासा होतो. मग अंगणात दुर्गंधी सुटते, किंवा पाणी वाट मिळेल तिकडे झिरपते.

शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. अष्टागरातील अनेक वाड्या लांबट व अरुंद आहेत. पुढे रस्ता, मध्ये घर, मागे समुद्र अशा मांडणीत स्वतःच्या विहिरीपासून अंतर राखले, तरी शेजाऱ्याची विहीर जवळ येते. अशा ठिकाणी टाकीवर नेमून दिल्यापेक्षा जास्त भार टाकणे म्हणजे शेजारच्या घरातील पिण्याच्या पाण्याशी खेळणे होय. खोलीत जास्त झालेली तीन माणसे रविवारी संध्याकाळी निघून जातात. त्यांनी वापरलेल्या टाकीचा हिशेब मात्र गावाकडे राहतो.

दाराचा विचार सर्वांत कमी केला जातो. राष्ट्रीय बांधकाम संहिता निवासी इमारतीतून बाहेर पडण्याचे मार्ग ठरविताना दर १२.५ चौरस मीटर क्षेत्रामागे एक माणूस धरते. या हिशेबाने १५० चौरस मीटरच्या घरात बारा माणसे बसतात. रात्री वीज जाऊन धूर झाला, तर जमिनीवर दारापर्यंत पसरलेल्या गाद्यांवर कोण कोणाला तुडवून बाहेर पडेल, हा प्रश्न संहितेच्या त्या आकड्यामागे आहे. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापविणारे यंत्र असेल व खिडकी बंद असेल, तर एकामागून एक सात-आठ अंघोळी झाल्यावर तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइड साठण्याचा संभव असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. असे यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसविणे हाच त्यावरील उपाय आहे, मग पाहुणे कितीही असोत.

मोजणीचा जुना इतिहास

प्रवाशाला किती जागा द्यावी हा प्रश्न सरकारपुढे नव्याने आलेला नाही. इंग्लंडमध्ये १८५१ साली सार्वजनिक निवासगृहांविषयी कायदा झाला आणि त्यांची नोंदणी व तपासणी सुरू झाली. हिंदुस्थानात १८६७ साली सराई अधिनियम आला. त्याने सराईच्या चालकावर खोल्या, व्हरांडे, विहिरी व गटारे स्वच्छ ठेवण्याची, तसेच आकाराचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावण्याची जबाबदारी टाकली. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो पुरीसाठी १८७१ साली बंगाल सरकारने केलेला कायदा. जगन्नाथाच्या यात्रेस येणाऱ्या लोकांना पुरीत घराघरांतून उतरविले जाई व एकेका कोठडीत माणसे कोंबली जात. पटकीची साथ तेथून यात्रेकरूंबरोबर घरोघर जाई. त्या कायद्याने निवासाच्या घरांना परवाना आवश्यक केला आणि कोणत्या घरात किती माणसे ठेवावीत याची मर्यादा घातली. आपल्याकडे पाहुण्यांची मोजणी सुरू झाली ती रोगाच्या भीतीने, भाड्याच्या वादातून नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आजच्या नियमांत हा विचार निराळ्या रूपाने आढळतो. केंद्र शासनाच्या निवास-न्याहारी योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या व बारा खाटा अशी मर्यादा आहे. याचाच अर्थ सरासरी एका खोलीस दोन खाटा. सहाहून अधिक खोल्या झाल्या की ते घर घरगुती राहत नाही, असे योजना मानते. खोल्या सहाच ठेवून माणसे तीस केली तर ते घर घरगुती राहिले काय, याचे उत्तर त्या बारा खाटांत आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनेही स्थानिक रहिवाशांच्या घरांत पाहुण्यांची सोय करण्यास वाव दिला आहे. तो देताना घराचे जोते व दर्शनी रूप न बदलण्याची अट घातली आहे. म्हणजे भरतीरेषेजवळचे घर पाहुण्यांसाठी मोठे करता येत नाही; आहे त्या घरात जितके सामावतील तितकेच पाहुणे घ्यायचे आहेत.

नोंदवहीचा प्रश्नही याच मोजणीशी निगडित आहे. १९९३ साली मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. तेव्हापासून या किनाऱ्यावर कोण आले व कोण राहिले याला नुसत्या शिष्टाचारापलीकडचे महत्त्व आहे. चौघांची नावे लिहून सातजण राहत असतील, तर ती वही अपुरी आहे. पोलिसांना तिचा उपयोग नाही, आणि पूर किंवा वादळात माणसे शोधण्याची वेळ आली तर बचावपथकालाही नाही.

दर खोलीचा की माणसाचा?

पाहुण्यांच्या मोजणीतील गोंधळाचे मोठे कारण दर लावण्याच्या पद्धतीत आहे, आणि येथे केवळ प्रवाशाला दोष देणे अन्यायाचे होईल. भाडे खोलीवर आकारले जाते. खर्च मात्र माणसावर होतो. खोलीचा दर ठरला की चौघांनी राहिले काय आणि सातांनी राहिले काय, प्रवाशाच्या दृष्टीने रक्कम तीच. तेव्हा माणसे वाढविण्याकडे त्याचा कल होणारच. गंमत अशी, की याच घरांत जेवण मात्र ताटावर मोजले जाते. मासळीचे ताट सात जणांचे असेल तर सात ताटांचे पैसे विनातक्रार दिले जातात. जे ताटाला चालते ते गादीला का चालू नये?

काही घरांनी ही वाट धरलेली दिसते. खोलीचा दर दोघांचा सांगावयाचा, पुढील प्रत्येक गादीस ठरावीक आकार घ्यावयाचा, आणि गाद्यांची कमाल संख्याही आधीच सांगावयाची. याने प्रवाशास सत्य सांगण्याचा तोटा वाटत नाही. ज्या घरांत जागा आहे त्यांनी दोन मोठ्या कुटुंबखोल्या बांधून त्यांना वेगळे न्हाणीघर व पुरेशी मलटाकी दिली, तर आजीसह येणाऱ्या कुटुंबाला चोरून राहावे लागणार नाही. अशा कुटुंबासाठी सोयच नसणे हा व्यवसायातील उणेपणा आहे. कुटुंबाचा अपराध नव्हे.

लहान मुलांविषयी वेगळे लिहिणे अवश्य आहे, कारण वाद बहुधा तेथेच होतो. पाच वर्षांखालील मुलास आकार नाही, अशी प्रथा पुष्कळ ठिकाणी आहे. यावरून ते मूल मोजावयाचेच नाही, असा समज पसरतो. आकार माफ असणे निराळे आणि मोजणी माफ असणे निराळे. तान्ह्या मुलाला खाट लागत नाही हे खरे, पण पाणी मोठ्या माणसाहून कमी लागते असे त्याची दुपटी धुणारी कोणतीही आई म्हणणार नाही.

व्यवहाराच्या बाजूने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची आठवण दोन्ही पक्षांनी ठेवावी. आरक्षणाच्या वेळी मर्यादा व जादा आकार सांगितलेला नसताना दारात अचानक मोठी रक्कम मागणाऱ्या यजमानाविरुद्ध प्रवाशास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. याउलट मर्यादा लेखी कळविलेली असेल, मग ती भ्रमणध्वनीवरील संदेशातून का असेना, तर जास्तीच्या माणसांस प्रवेश नाकारणाऱ्या यजमानाची बाजू भक्कम राहते. तेव्हा आरक्षण करताना प्रवाशाने नावे, वये व एकूण संख्या सांगावी. यजमानाने उत्तरात खोलीची कमाल संख्या, गादीचा दर आणि आयत्या वेळी माणसे वाढल्यास जवळपास कोठे सोय होईल हे कळवावे. काकूंना दारात उभे राहून जे सांगता येत नाही, ते चार दिवस आधी दोन ओळींत सांगता येते.

शाळांच्या सहली

शिक्षकांसाठी हा प्रश्न अधिक जबाबदारीचा आहे. मुरूड-जंजिरा, कुलाबा किल्ला, रेवदंडा व कोर्लई पाहण्यासाठी शालेय सहली या किनाऱ्यावर येतात. ‘साठ मुले, मोठा हॉल’ एवढ्यावर मुक्काम ठरतो. हॉलमध्ये साठ मुले झोपतीलही. सकाळी सहा वाजता त्यांच्यापुढे शौचालये दोनच असतील, तर आठ वाजता निघणारी सहल दहाला निघते आणि मुले समुद्राकाठी उघड्यावर जातात. ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यात चालत जावयाचे असेल, तर दोन तासांचा हा उशीर धोक्याचाही ठरतो. आरक्षणापूर्वी शिक्षकाने चटयांची संख्या विचारण्याऐवजी शौचालये किती, मुलींसाठी स्वतंत्र किती, टाकी किती लिटरची, पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे आणि हॉलला दुसरे दार आहे काय, हे पाच प्रश्न विचारावेत. पत्रात मुलांबरोबर शिक्षक, मदतनीस व गाडीचा चालक हेही मोजावेत. चालकाची झोप कोणी विचारात घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घाटातून गाडी तोच चालवतो.

ग्रामपंचायतीच्या हाती

घरगुती निवासांची नोंदणी, आकारणी व तपासणी निरनिराळ्या खात्यांकडे असली, तरी विहीर, गटार आणि कचरा हे विषय १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीच्या दारातच येतात. त्यामुळे पंचायतीने आपली एक साधी वही तयार केली तर पुष्कळ काम होईल. तीत गावातील प्रत्येक पाहुणेघराच्या खोल्या, खाटा, मलटाकी किती माणसांसाठी बांधली आहे तो आकडा, ती शेवटची केव्हा उपसली, आणि शोषखड्ड्यापासून स्वतःची व शेजाऱ्याची विहीर किती मीटर दूर आहे याची नोंद असावी. या वहीतला सर्वांत लहान आकडा हीच त्या घराची खरी क्षमता धरावी. खाटा वीस असल्या आणि टाकी दहा जणांची असली, तर ते घर दहा जणांचे आहे. जास्त पाहुणे घ्यावयाचे असतील तर मालकाने प्रथम टाकी वाढवावी, गाद्या नंतर.

महाराष्ट्रात सार्वजनिक पाणीस्रोतांचे पावसाळ्यापूर्वी व नंतर असे वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीस हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. वाडीतील खाजगी विहिरी या सर्वेक्षणाच्या बाहेर राहतात, आणि पाहुण्यांच्या पेल्यात येते ते पाणी बहुधा त्यांचेच असते. जल जीवन मिशनखाली गावातील महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण व संच देण्यात आले आहेत. त्याच संचाने पाहुणेघरांच्या विहिरींचे पाणी एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे मे महिन्याची गर्दी सुरू होण्यापूर्वी, आणि पुन्हा दिवाळीच्या आधी तपासता येईल. मलटाकी उपसण्यासाठी एकेका घराने तालुक्याहून गाडी मागविण्याऐवजी एका आळीतील घरांनी मिळून एकाच दिवशी ती आणली तर खर्च वाटला जातो व काम वेळच्या वेळी होते. पाऊस लागण्यापूर्वी हे उरकलेले बरे, कारण जूनमध्ये वाळूतले पाणी वर आल्यावर शोषखड्डे तुडुंब असतात आणि वाडीत गाडीचे चाक रुतते.

दरपत्रकाचा फलक लावण्याचे काम सराई अधिनियमाच्या काळापासून सांगितले जात आहे. त्याच फलकावर दराच्या शेजारी ‘ही खोली इतक्या जणांची’ असा एक रकाना वाढविण्यास फारसा खर्च येत नाही. गावातील सर्व घरांनी तो एकाच वेळी लावावा, असा ठराव ग्रामसभेत होणे अधिक महत्त्वाचे आहे. एकट्या घराने लावलेला फलक पाहुण्याला शेजारच्या घराकडे वळवितो. सर्वांनी लावला, तर पाहुणा दुसरी खोली घेतो.